अर्धी पाकिटं

दुपारी जेवून डोळा लागला की मला अजून कधीकधी ती खोली दिसते. खिडकीतल्या कूलरच्या वाळ्यातून गाळून आलेला उजेड, हिरवट पिवळा, पाण्याखाली असावा तसा. भिंतीभर लोखंडी कपाटं, कपाटांत खाकी पाकिटं आणि पाकिटांत माणसं. स्वप्नात ती माणसं बोलत नाहीत. फक्त सरकून एकमेकांना जागा करून देतात, एसटीत बसल्यासारखी. आणि मधे टेबलाशी नाना, चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. झोपलेत की कुणाचं नाव आठवतायत, ते कळत नाही.

जागेपणीही ते कळायचं नाही.

मी जळगावच्या एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक म्हणून लागले होते. धुळ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पुरवणीच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात मला ‘कॉन्व्हेंट’ हे नाव पडलं. मी गप्प बसायचे ती लाजेनं; त्यांना वाटायचं, शिष्ट आहे. त्यात मी चहा पीत नाही. आमच्या घरात कुणीच पीत नाही. वडिलांचं पित्त असं, की चहाची पूड घरात आलीच नाही कधी. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत चहा नको म्हणणं सोपं नसतं. “आमच्या हातचा चालत नाही का, मॅडम?” असं एकदा कुणीतरी हसत विचारलं. मी पण हसले. द्यायचं उत्तर दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं.

मग संपादकसाहेबांनी मला संदर्भ विभागात पाठवलं. जुने फोटो स्कॅन करून झाले होते. प्रत्येक फोटोला कॉम्प्युटरवर नाव, गाव, विषय असे शब्द जोडायचे होते, म्हणजे कुठल्याही आवृत्तीत कुणीही एक शब्द टाकला की फोटो समोर हजर. “दोन-तीन महिन्यांचं काम आहे,” साहेब म्हणाले, “आणि तिथं फार बोलावं लागत नाही.”

पहिली गोष्ट बरोबर होती.

“गाव?” मी आत पाऊल ठेवलं तेव्हा नानांनी डोळे न उघडता विचारलं.

“धुळे.”

“धुळे म्हणजे काय, मोठं आहे. कुठलं धुळे?”

“देवपूर.”

“म्हणजे पांझरेच्या पलीकडचं.” त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता वहीत लिहून घेणार. आणि त्यांनी खरंच घेतलं.

नाना आधी त्याच दैनिकाचे फोटोग्राफर होते. डोळे अधू झाल्यावर त्यांना खोली दिली. गाव पाचोऱ्याकडचं. बोलणं कचेरीत पुस्तकी मराठी, पण मनापासून काही म्हणायचं झालं की गावाकडची बोली यायची. खुश असले की “बठ्ठा बराबर शे” म्हणायचे, म्हणजे सगळं बरोबर आहे. हे वाक्य महिन्यातून एखाद्या वेळी ऐकू यायचं.

त्यांच्या खोलीत विषयांची पाकिटं नव्हती. पाणीटंचाई, निवडणूक, अपघात असं कुठंच काही लिहिलेलं नाही. पाकिटावर गावाचं नाव, त्याखाली माणसाचं. रावेर, पाचोरा, साक्री, गल्ल्यांसकट धुळे. पुढाऱ्यांचीही तशीच. एका आमदारांचं पाकीट त्यांच्या जन्मगावाखाली, एका गुराख्याच्या आणि एका शिंपिणीच्या मधे अंग चोरून बसलेलं होतं.

आणि प्रत्येक पाकिटात दोन फोटो.

हा नानांचा नियम. एका माणसाचा एकच फोटो असेल तर ते पाकीट कपाटात जायचं नाही. ते खालच्या खणात. त्या खणाला ते ‘अर्धी पाकिटं’ म्हणत. मग केव्हातरी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पिशवीत कॅमेरा टाकून, नाना एसटीनं त्या गावी जायचे आणि त्याच माणसाचा दुसऱ्या दिवशीचा, दुसऱ्या कामातला फोटो घेऊन यायचे. मोर्च्यात ओरडणारी बाई दुसऱ्या फोटोत मुलीची वेणी घालताना. पुरात छपरावर बसलेला माणूस दुसऱ्या फोटोत कॅरम खेळताना. तेव्हा कुठं पाकीट वरच्या कपाटात जायचं.

“पहिला फोटो आपला असतो,” ते म्हणायचे. “बातमीसाठी काढलेला. दुसरा त्याचा.”

कचेरीत यावर पुष्कळ विनोद होते. मला ते तेव्हा विनोदच वाटले.

सकाळी अंक आला की नाना एक जुनं पोस्टकार्ड घ्यायचे, बातमीचा मथळा झाकायचे आणि फक्त फोटो माझ्यासमोर धरायचे. “सांग, यानं काय केलंय?” मला सुरुवातीला वाटलं, गंमत आहे. आठ-दहा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की माझं उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. टोप्यांची रांग पाठमोरी असली, की तणावाची किंवा मतांची बातमी. पिसं लावून नाचणारी माणसं असली, की आदिवासी विकासाची. निळा झेंडा दिसला, की निवेदन. चेहऱ्यावर स्पष्ट उजेड असलेला, ज्याचं पूर्ण नाव खाली छापलंय असा माणूस असला, की बँकेचा अध्यक्ष, गुणवंत विद्यार्थी, आमच्यासारखा कुणीतरी.

“पाहिलंस?” नाना पोस्टकार्ड काढून घ्यायचे. “बातमी वाचावीच लागत नाही. आपण छापायचा कागद उगाच घालवतो.”

त्यांच्या गोष्टींना क्रम नसायचा. कूलरचं पाणी टपटपत असायचं, मी अर्धवट पेंगत असायचे आणि त्यातून त्यांचा आवाज यायचा. म्हणून आता सांगताना कुठलं आधी, कुठलं नंतर, ते मला सांगता येत नाही.

ईदचं एक सांगायचे. दोन लहान पोरं गळाभेट घेतायत, एकाच्या डोक्यावरची टोपी घसरलेली. फोटो नानांचाच. इतका गोड, की पुढं दर ईदला तोच छापला जायचा. शेवटी नाना त्या दोघांना शोधायला गेले. एक ट्रक चालवत होता, पोट सुटलेलं. दुसऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दोघांचं चार वर्षं बोलणं नव्हतं, सामाईक भिंतीवरून. नानांनी त्यांना त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभं करून फोटो काढला. फोटो काढताना दोघांना हसू आवरेना. नाना तो फोटो घेऊन साहेबांकडे गेले, म्हणाले, या ईदला हा टाका.

“मग?”

“साहेब म्हणाले, नाना, ईदचा फील येत नाही.”

आणि साक्रीकडचे एक बँकेतले कॅशियर. होळीच्या वेळी गावी नाचताना नानांनी टिपलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप. दुसरा फोटो बँकेच्या काउंटरवरचा, चौकड्यांचा शर्ट, कानामागे पेन. आदिवासींच्या नोकऱ्यांवर लेखमाला होती, म्हणून नानांनी दुसरा फोटो दिला. पुरवणीच्या टेबलावरून परत आला. पाकिटाला चिठ्ठी: ‘हे आदिवासी वाटत नाहीत. टोपवाला पाठवा.’ ती चिठ्ठी नानांनी फेकली नाही. त्या पाकिटातच ठेवली, दोन फोटोंच्या मधे.

पण त्यांचा खरा राग ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ या शब्दांवर. बातमीशी संबंध नसलेला फोटो छापायचा असला, की खाली बारीक अक्षरात हे दोन शब्द टाकतात. ते दिसले की नाना बोट ठेवून विचारायचे, “याला कोणी निवडून दिला? कधी झालं मतदान?” रोज तेच वाक्य. रोज तितकाच आवाज चढवून.

माझ्या कॉम्प्युटरवर मात्र निवडणूक रोज चालू होती. त्यात ‘समाज’ नावाचा एक रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला तर फोटो जतनच व्हायचा नाही. निवडायला यादी होती. सर्वसाधारण, मुस्लिम, आदिवासी, दलित, ख्रिश्चन, भटके, इतर. त्याखाली एक चौकोन: ‘प्रातिनिधिक वापरास योग्य’. त्यावर टिचकी मारली, की तो फोटो सगळ्या आवृत्त्यांना खुला.

“नाना, हे कोण?”

“हा केळीच्या घडांना पिशव्या घालतो. शीळ इतकी छान घालतो, की मजूर कामाला त्याच्याजवळची रांग मागून घेतात.”

“समाज लिहायचाय.”

“विचारलं नव्हतं.”

“नाना, रिकामं चालत नाही.”

“मग शिट्टीवाला लिही.”

“यादीत नाही.”

“मग यादी चुकलीय.”

अशानं दिवसाला वीस फोटोसुद्धा व्हायचे नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, “माझा फोटो असता तर एका सेकंदात झालं असतं. सर्वसाधारण.” नानांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाले, “खरंय. तुझ्या फोटोखाली कुणी काही लिहीतच नाही. काय लिहितील, याची भीती तुला कधी वाटली नसेल.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आज उकाडा आहे, असं सांगावं तसं म्हणाले. मी मान खाली घालून टाईप करत राहिले.

मे महिन्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस रजेवर गेले. जाताना चाव्या माझ्याकडे दिल्या. “वरची कपाटं कर. खालच्या खणाला हात लावू नको.”

साहेबांनी विचारलं, किती झाले? मी आकडा सांगितला. त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. मला घरून आईचा फोन येत होता, कायम कधी होणार म्हणून. नाना नसताना मी एका दिवसात जितके फोटो केले, तितके आधी पंधरवड्यात झाले नव्हते. सोपं होतं. कपडे बघायचे, नाव बघायचं, टिचकी. चौथ्या दिवशी वरची कपाटं संपली आणि मी खालचा खण उघडला.

त्यात ती होती. पाकिटावर ‘रावेर’, खाली ‘हमीदा’. केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये, तुरटीच्या पाण्याच्या हौदाशी उभी, हातात केळीची फणी, डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. काहीतरी ऐकून खळखळून हसताना. फोटो इतका छान होता, की मी दोन घोट पाणी पीत त्याच्याकडे बघत बसले. मग यादी उघडली. नाव, ओढणी. मुस्लिम. विषयात ‘महिला, मजूर’ लिहिलं. आणि फोटो चांगला होता म्हणून खालच्या चौकोनावरही टिचकी मारली.

जळगावच्या उन्हात मी स्वतः कचेरीत येताना फक्त डोळे दिसतील असा स्कार्फ बांधून येत होते. तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर वाळत पडलेला होता.

महिन्याभरानं आमच्याच दुसऱ्या एका आवृत्तीत पाऊण पानाचा लेख आला. ‘आदिवासींच्या सवलतींवर डल्ला?’ मथळ्याला प्रश्नचिन्ह. नाना म्हणायचे, प्रश्नचिन्ह लावलं की पुरावा लागत नाही. लेख असा, की काही लोक धर्मानं वेगळे असून आदिवासींचे दाखले कसे मिळवतात. लेखात नाव कुणाचंच नव्हतं. मधोमध हमीदा, खळखळून हसताना. खाली बारीक अक्षरात, प्रातिनिधिक छायाचित्र.

फोन नानांच्या मोबाइलवर आला. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा अजून त्यांच्या डोळ्यांवर होता. चार वर्षांपूर्वी फोटो काढताना त्यांनी तिला चिठ्ठीवर नंबर दिला होता, दुसऱ्या फोटोसाठी येतो म्हणून. खोली इतकी शांत होती, की पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

“बाबा, तुमी म्हणले होते पुन्हा येतो. आले नाही. हे काऊन केलं?”

मग कळलं ते असं. हमीदा तडवी. रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याला तडवींची वस्ती आहे. ते भिल्लच, पिढ्यान्‌पिढ्या डोंगराच्या कडेला राहिलेले, आणि नमाजही पढतात. त्यांना स्वतःला त्यात काही कोडं वाटत नाही. कोडं वर्तमानपत्राला पडतं, कारण यादीतून एकच शब्द निवडायचा असतो. हमीदाची अंगणवाडी सेविका म्हणून निवड झाली होती. कुणीतरी तक्रार केली होती, की तिचा आदिवासीचा दाखला खोटा आहे, आणि तक्रारीला आमच्या पेपरचं कात्रण जोडलं होतं. पेपरवालेच म्हणतात, बघा. नेमणूक अडकली.

नाना फोन ठेवून उठले. खालचा खण उघडला, तिचं पाकीट काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

“हा फोटो बाहेर कसा गेला, नाना?” साहेबांनी विचारलं.

“नोंद माझ्या खोलीतली आहे.”

“तुम्ही तर तेव्हा रजेवर होता.”

“खोली रजेवर नव्हती, साहेब.”

मी दारात उभी होते. एक पाऊल आत टाकायचं होतं. मला आठवतंय, मी केबिनच्या काचेवरच्या एका ओरखड्याकडे बघत होते आणि मनात वाक्य जुळवत होते, इंग्रजीत. ते जुळेपर्यंत नाना बाहेर आले होते.

“आत पान सातवर दोन ओळी छापतो म्हणाले,” ते म्हणाले. “दिलगीर आहोत, म्हणून. रविवारी रावेरला जायचं. येतेस?”

एसटीत त्यांनी मला खिडकी दिली. भुसावळ गेलं, सावदा गेलं, मग दोन्ही बाजूंनी केळीच केळी. पानं इतकी मोठी, की बस त्यांच्या सावलीतून वाहत चालल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, हा रस्ता असाच राहावा, गाव येऊच नये.

“नाना, तो शब्द मी...”

“ठाऊक शे,” ते म्हणाले. “मला सांगून काय उपयोग?”

घर वस्तीच्या टोकाला होतं, दारात निवडुंगाचं कुंपण, पलीकडे डोंगराची निळी रेघ. हमीदा फोटोतल्यापेक्षा बारीक झाली होती. तिनं आमच्यासाठी खाट टाकली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. नानांनी माफी मागितली, आमच्याच खोलीत तिच्या फोटोला ‘मुस्लिम’ हा शब्द जोडला गेला म्हणून तो त्या लेखात गेला, हे कबूल केलं. पान सातवरच्या दोन ओळींचं सांगितलं.

“दिलगीर म्हणजे काय, बाबा?” ती म्हणाली. “तिकडं हापिसात साहेब म्हणे, कात्रणावर दुसरं कात्रण नाही चालत, कागद आण. हा फोटो अन् ही बातमी यांचा संबंध नाही, आसा. सहीचा. पेपराले सही नसते. मी कोणाची सही नेऊ?”

“मी देतो,” नाना म्हणाले.

“तुमी लिवलं का ते?”

नानांनी काळा चष्मा काढून हातात धरला. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. फक्त अर्धवट बोलता यायचं.

“कोणी लिवलं मग?”

कोंबडी अंगणात पाय खरडत होती. मी कोंबडीकडेच बघत म्हटलं, “मी.”

हमीदानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “तू? तू तं पोरगी आहे.” मग जरा थांबून, “काय पाहून लिवलं व?”

“नाव. आणि ओढणी.”

“ओढणी? केळीच्या चिकाचे डाग जात नाही बाई केसातून. तिथं बठ्ठ्याच बायका बांधतात. माह्या बाजूले पाटलाची सून होती, तिनं पण बांधलेली. तिले काय लिवलं?”

मला आठवलं. शेडच्या दुसऱ्या एका फोटोत ती होती, वेगळ्या पाकिटात. तिथं मी ‘सर्वसाधारण’ लिहिलं होतं. मी तेही सांगितलं. हमीदा हसली, फोटोतल्यासारखी नाही, नाकातून.

आतून तिच्या सासूनं चहा आणला. स्टीलचे तीन पेले. नानांनी घेतला. माझा माझ्यासमोर खाटेच्या कडेला राहिला. मी नको म्हणायला हवं होतं, किंवा कारण सांगायला हवं होतं. पण तेवढं कबूल करून माझं सगळं बोलणं संपलं होतं. चहावर साय धरली. हमीदानं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग पाहणं सोडून दिलं.

नानांनी पिशवीतून कॅमेरा काढला. “दुसरा राहिला होता.”

“नको,” ती म्हणाली. “एक दिला तं हे झालं.” नानांनी कॅमेरा आत ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा ती कुंपणापर्यंत आली. एकदम म्हणाली, “थांब व. उभी राय तिथं.” तिनं मोबाइल वर धरला आणि माझा फोटो काढला. “नाव काय? गाव?” मी सांगितलं. तिनं मान हलवली, बाकी काही विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये नाना बराच वेळ डोळे मिटून होते.

“चहा तसाच कसाले ठेवा?” त्यांनी मधेच विचारलं.

“मी पीत नाही ना, नाना. तुम्हाला माहितीय.”

“माले ठाऊक शे. तिले?”

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मी काय करून आले ते. त्या घरात याआधी किती जणांनी पेला तसाच ठेवला असेल, आणि का. मी खिडकीकडे तोंड केलं. केळीच्या बागा संपत आल्या होत्या.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “सर, त्यांना सहीचा कागद हवाय.”

“संस्थेकडून असं लेखी देत नसतात.”

“मग माझ्याकडून देते. शब्द मी निवडला होता. तिला न विचारता.”

माझा आवाज बारीक होता, पण वाक्य पूर्ण झालं. साहेबांनी पेन दोनदा आपटलं. “तुझं कायम व्हायचं आहे अजून. माहितीय ना?”

“हो सर.”

ते पत्र मी हातानं लिहिलं. चार वेळा. नानांनी एकही शब्द सुचवला नाही, फक्त शेवटी वाचून म्हणाले, “गाव राहिलं.” मी सहीखाली देवपूर, धुळे लिहिलं. माझं कायम होणं सहा महिने पुढं गेलं. आई अजून विचारते, तेव्हा नेमकं काय झालं होतं.

हमीदाचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ‘कागद भेटला. दिला तिकडं.’ खाली माझा फोटो. निवडुंगाच्या कुंपणाशी मी, पर्स छातीशी धरलेली, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं: ‘पेपरवाली मॅडम. आमच्या घरचा चा न पिता गेली.’

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी उत्तर लिहायला घेतलं. पित्त, वडील, लहानपण. लिहून पुसलं. फोटोतली मुलगी तशीच दिसत होती. मी पोस्टकार्ड घेऊन ओळ झाकून पाहिली. न झाकताही तेच दिसत होतं.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. खोली नव्या प्रिंटरला दिली. पाकिटं रद्दीत जाणार होती. नानांनी ती मागून घेतली. आता ते एसटीच्या पासावर गावोगाव फिरतात आणि ज्याचं पाकीट त्याला नेऊन देतात. मला फोन येतो, दुपारी, माझा डोळा लागायच्या वेळेला. “आज साक्री. कॅशियरसाहेब रिटायर झालेत. चिठ्ठी वाचून इतके हसले, इतके हसले.” हमीदाचं पाकीट मात्र त्यांनी मला दिलं. “अर्धं आहे. हे तुझ्याकडे.”

मी रावेरला पुन्हा गेले ती त्यानंतर, एकटी. हमीदा अंगणवाडीत होती. तक्रार बारगळली होती, कशानं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी नेमणुकीचा कागद आला, इतकंच. भिंतीवर फळांचा तक्ता, खाली पोरं शेंगदाण्याचे लाडू खात बसलेली. तिनं मला पाहिलं आणि चेहरा काही बदलला नाही.

“पेपराचं काम?”

“नाही. चहा प्यायला आले.”

ती उठली. पोरांना मदतनीस बाईकडे सोपवून मला घरी घेऊन गेली. चूल पेटवली. मी तिला तेव्हा वडिलांच्या पित्ताचं सांगितलं. सांगताना ते फार लहान कारण वाटलं.

“मग आता कशाले पेते?”

“तुम्ही माझ्या फोटोखाली लिहिलंय ते वाचवत नाही म्हणून.”

शेळीचं दूध, भरपूर साखर, आलं. मला मुळीच आवडला नाही. मी पेला रिकामा केला. हमीदानं मोबाइल काढला आणि पेला हातात असतानाच माझा फोटो घेतला. माझ्या वरच्या ओठावर साय होती, ती पुसू दिली नाही.

“पहिला पुसून टाका ना,” मी म्हटलं.

“काऊन? तवा तू नव्हती का?” ती म्हणाली. “राहू दे. दोन्ही राहू दे.”

मी पर्समधून पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं स्वतःचा तो हसरा फोटो बराच वेळ पाहिला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत पाकिटात सरकवून माझ्याकडे दिला. मी माझा मोबाइल नुसता हातात घेतला, वर केला नाही. तिला कळलं.

“आज नको,” ती म्हणाली.

बसस्टँडवरून मी नानांना फोन केला. सगळं सांगितलं. माझं पाकीट तिच्याकडे पूर्ण झालं होतं. तिचं माझ्याकडे अजून अर्धंच.

पलीकडे कुठल्यातरी गावातला टेंपो हॉर्न वाजवत गेला. नाना तो जाईपर्यंत थांबले.

“नको म्हणाली, का आज नको म्हणाली?”

“आज नको.”

“मग रविवारची बस बघ,” ते म्हणाले. “सकाळी साडेआठची सावद्याला थांबत नाही. खिडकी मिळते.”